सोडणारा बूट

पादत्राणे घेताना आपले सारे लक्ष ती पायाला कशी धरतात याकडे असते. टाच निसटू नये, अंगठा आखडू नये, एवढे पाहिले की आपण पैसे मोजून मोकळे होतो. सायकलीच्या बुटाची गोष्ट निराळी. तो पायाला तर धरतोच, पण पायाला सायकलीशीही जखडतो; आणि म्हणून तो घेताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हा सोडतो कसा?

आमच्या घरात हा प्रश्न आला तो थोरल्या मुलीमुळे. ती सकाळी पुण्यातल्या एका व्यायामशाळेत सायकलवर्गाला जाते. बंद खोली, ओळीने मांडलेल्या सायकली, दणदणते संगीत, आणि तासभर पाय मारूनही माणूस जिथल्या तिथे! आता तिच्या मनाने सिंहगडाचा रस्ता घेतला होता. "बाबा, दोन्हीकडे चालेल असा एकच जोड घेऊ या," ती म्हणाली. शिक्षकाच्या मुलीला काटकसर शिकवावी लागत नाही, याचे मला कौतुक वाटले. थोडे वाईटही वाटले.

पूर्वी शर्यतीतले सायकलस्वार पॅडलवरच्या पिंजऱ्यात पाऊल घालून वरून पट्टा आवळीत. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवणारे खटके बनवीत असे. 1984 साली तिने तीच युक्ती पॅडलला लावली. बूट दाबला की खटका बसतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. 1985 साली बर्नार ईनो याने ही पॅडले वापरून टूर द फ्रान्स पाचव्यांदा जिंकली. जुना पिंजरा, म्हणजे इंग्रजीतली 'क्लिप', गेली, म्हणून पॅडलाचे नाव पडले 'क्लिपलेस'. पाय पक्का अडकवणाऱ्या वस्तूला हे नाव! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

दुकानात दोन पंथ दिसले. एकाच्या तळव्यावर तीन स्क्रूंनी बसवायचा प्लॅस्टिकचा मोठा खटका. त्याला 'क्लीट' म्हणतात. तळवा लाकडासारखा ताठ, त्यामुळे पायाचा जोर वाया जात नाही. पण खटका तळव्याबाहेर आलेला, म्हणून चालताना माणसाचे बदक होते आणि गुळगुळीत फरशीवर घसरगुंडी. दुसऱ्यात दोन स्क्रूंचा लहानसा पोलादी खटका रबरी तळव्याच्या खोबणीत दडलेला. 1990 साली जपानच्या शिमानो कंपनीने तो डोंगरवाटांच्या सायकलींसाठी आणला. दुकानदाराने अर्थात तीन स्क्रूंचा चकचकीत जोड पुढे केला.

मुलीने मात्र आधीच चौकशी करून ठेवली होती. तिच्या वर्गातली पॅडले दोन स्क्रूंच्या खटक्याची होती. काही यंत्रांना तीन स्क्रूंचाच लागतो, तेव्हा आधी पॅडल पाहावे आणि मग बूट. शिवाय सिंहगडावर गाड्या लावतात तिथून पुणे दरवाजापर्यंत पायी चढावे लागते. तिथे बदक होऊन कसे चालेल?

मी विचारले, "वर्गातल्या सायकलीवर पाय बांधायचाच कशाला?"

ती म्हणाली, "बाबा, त्या सायकलींचे चाक फार जड असते. एकदा फिरू लागले की आपण थांबलो तरी पॅडल थांबत नाही. पाय निसटला की ते नडगीवर बसते. थांबायचे तर ब्रेकच दाबावा लागतो."

मी क्षणभर गप्प झालो. खोलीत पाय धरून ठेवला जाण्यात सुरक्षितता. रस्त्यावर, ट्रक आडवा आला असता, तो वेळेवर सुटण्यात! बापाचा कल साहजिकच खोलीकडे असतो. मुलीला धरणारे सारे मला आवडते. सोडणाऱ्याची भीती वाटते.

दोन स्क्रूंचा जोड घेतला, तोही संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे सुजलेले असताना. वरची जाळी हवेशीर, कारण खोलीत वाऱ्याची झुळूक नसते. घरच्या सायकलीला त्याच जातीची पॅडले बसवली आणि त्यांच्यावरचा पकड सैल करणारा स्क्रू पार ढिला केला. अंगणात भिंतीला हात टेकून ती सराव करू लागली : टाच बाहेर, खट्! मी सीट धरायला पुढे झालो. तिने धरू दिली नाही.

रविवारी पहाटे ती निघाली. मी गॅलरीत उभा होतो. कोपऱ्यावर दुधाची गाडी अचानक आडवी आली, तशी तिची डावी टाच बाहेर वळली आणि पाय अलगद जमिनीवर टेकला. गाडी गेली. मग खटका पुन्हा बसला आणि ती वळणाआड झाली. इतक्या दुरून तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. पण मला तो आला.