कोलकात्यात भूत शोधायला जाताय? मग हेराला सोबत घ्या!

पावसाळी रात्र, ओल्या रस्त्यावर पडलेला दिव्याचा पिवळा उजेड आणि कोटाची कॉलर वर करून एकटाच चाललेला एक हेर. त्याचा कशावरच विश्वास नाही. माणसावर नाही, देवावर नाही, पोलिसांवर तर नाहीच. आता या चित्रात एक भूत आणून सोडा. काय होईल?

परदेशी सिनेमा आणि वेब सीरिजमध्ये हे मिश्रण तुम्ही पाहिलं असेल. पण ते बघायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. हावड्याचं तिकीट काढा. हेर आणि भूत एकाच गल्लीत राहतात असं शहर आपल्याकडेच आहे.

सुरुवात महात्मा गांधी रोड मेट्रो स्टेशनपासून करा. या रस्त्याचं जुनं नाव हॅरिसन रोड. ब्योमकेश बक्शी राहायचा तो इथेच! दूरदर्शनवरची १९९३ची मालिका तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. मी ती आजीच्या शेजारी बसून मोबाइलवर पाहिली. ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय कॉलेजात असताना याच भागातल्या एका मेसमध्ये राहत. आजही इथे वर पाहत चाललात तर लाकडी झडपांच्या खिडक्या, लोखंडी कठडे आणि वाळत घातलेले गमछे दिसतात. ब्योमकेशला स्वतःला ‘डिटेक्टिव्ह’ म्हणवून घेणं आवडायचं नाही. तो म्हणायचा, मी सत्यान्वेषी, म्हणजे सत्य शोधणारा.

गंमत म्हणजे याच लेखकाने बरदा नावाचा आणखी एक नायक लिहिला. हा भुतं शोधणारा! एका कथेत मुंगेरच्या एका झपाटलेल्या घरावरून दोघांची गाठ पडते. मालिकेतला ‘भूत’ हा भाग त्याच कथेवरचा. आजी तेव्हा बरदाच्या बाजूने होती, मी ब्योमकेशच्या. कोण जिंकलं ते सांगत नाही, शोधून बघा.

तिथून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरच्या पोलीस म्युझियममध्ये जा. ही वास्तू मुळात राजा राममोहन रॉय यांचं घर. १८६८ साली अॅमहर्स्ट स्ट्रीटवर एका बाईचा खून झाला आणि त्याच वर्षी कलकत्ता पोलिसांचा गुप्तहेर विभाग सुरू झाला. म्युझियममध्ये मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो पुस्तक-बॉम्ब. १९०८ साली क्रांतिकारकांनी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक आतून पोखरून त्यात बॉम्ब बसवला आणि ते मॅजिस्ट्रेट किंग्सफर्ड यांना पाठवलं. त्यांनी ते उघडलंच नाही. न वाचलेल्या पुस्तकाने जीव वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही!

पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे सगळेच जातात. ती १७६७ साली सुरू झाली. शेवाळलेले उंच मनोरे, दिवसाही काळोखी सावली आणि सर विल्यम जोन्स यांची समाधी. सत्यजित राय यांनी फेलुदाला इथेच एका थडग्याचं रहस्य सोडवायला लावलं. फोटो छान येतात. डास मात्र खरे आहेत.

खरी मजा अलीपूरमध्ये आहे. वॉरन हेस्टिंग्ज हे नाव शाळेत पाठ केलंय ना? हेस्टिंग्ज हाऊस या त्याच्या बंगल्यात आज महिलांचं शिक्षणशास्त्राचं कॉलेज आहे. लोक सांगतात, रात्री चार घोड्यांची बग्गी दाराशी येते, साहेब घाईघाईने उतरतो आणि खोल्याखोल्यांतून काहीतरी शोधत फिरतो. काय शोधतो? आता नीट ऐका, कारण याचा पुरावा आहे! हेस्टिंग्ज १७८५ साली भारत सोडून गेला. त्याचं सामान इंग्लंडला पाठवताना काळ्या लाकडाचं एक जुनं कपाट गहाळ झालं. त्यात खासगी कागदपत्रं आणि छोटी चित्रं होती. १७८७ साली ‘कलकत्ता गॅझेट’मध्ये त्याच्या माणसांनी जाहिरात दिली, पत्ता सांगणाऱ्याला दोन हजार सिक्का रुपये इनाम. कपाट त्याला परत मिळालं नाही. त्या कागदांत असं काय होतं की त्यासाठी एवढी मोठी रक्कम लावावी? एखाद्या हेरकथेची पहिली ओळ असावी असा हा प्रश्न आहे. भुताची गोष्ट नंतर त्याला येऊन चिकटली.

जवळच बेलव्हेडिअर इस्टेट, म्हणजे आपली नॅशनल लायब्ररी. या भागातच १७ ऑगस्ट १७८० रोजी हेस्टिंग्ज आणि त्याचा विरोधक फिलिप फ्रान्सिस यांच्यात पिस्तुलांचं द्वंद्व झालं आणि फ्रान्सिस जखमी झाला. लायब्ररीतल्या पावलांच्या आवाजाच्या गोष्टी तर कितीतरी. पण २०१० साली तिथे खरोखरच एक खोली सापडली. तळमजल्यावर, जवळपास हजार चौरस फुटांची, आणि तिला दार नाही, खिडकी नाही! मग काय, कुणी म्हणालं खजिना, कुणी म्हणालं छळ करायची कोठडी, कुणी म्हणालं आत सांगाडे असतील. २०११ मध्ये कोडं सुटलं. आत माती होती. इमारतीला आधार मिळावा म्हणून ठासून भरलेली साधी माती. मला ही बातमी वाचून आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं. ब्योमकेश असता तर त्याने सिगारेट पेटवून एवढंच विचारलं असतं, ‘‘जमीन मोजली का?’’

आता शोभाबाजार. मेट्रोने शोभाबाजार-सुतानुटीला उतरून नदीच्या दिशेने चालत राहिलात की पुतुलबाडी येते. पुतुल म्हणजे बाहुली. छपरावर पुतळे असलेलं हे मोठं जुनं घर ‘कोलकात्यातली झपाटलेली ठिकाणं’ या प्रत्येक यादीत असतं. गोष्ट अशी की इथल्या श्रीमंत बाबूने बायकांवर अत्याचार केले, त्यांना मारलं आणि त्यांच्या पैंजणांचा आवाज अजून येतो. दारावर पाटी आहे. आत येऊ नका, भुताच्या अफवा खोट्या आहेत, अशा अर्थाची.

मी पाटी वाचली आणि तरीही मोबाइल वर करून व्हिडिओ काढायला लागले. वरच्या गॅलरीतून एक काकू बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. हिंदीत म्हणाल्या, ‘‘बेटा, मुलाची उद्या परीक्षा आहे. तुमच्यासारखे रोज दहा जण येतात.’’ मी मोबाइल खिशात टाकला. त्या घरात भाडेकरू राहतात, डाळ शिजते, मुलं अभ्यास करतात. हे मला ठाऊक होतं, यादीतसुद्धा लिहिलेलं असतं. पण आपण ती ओळ वाचून पुढे जातो. तो व्हिडिओ मी डिलीट केला, म्हणून या लेखात पुतुलबाडीचा फोटो नाही. तुम्हीही घाटावर बसा, नदी बघा, कुल्हडातला चहा प्या आणि घर बाहेरूनच पाहा.

भुतं ऐकायचीच असतील तर पुस्तकात ऐका. ‘पथेर पांचाली’ लिहिणाऱ्या बिभूतिभूषण यांचा तारानाथ तांत्रिक मॉट लेनमध्ये ज्योतिषाची पाटी लावून बसतो. गिऱ्हाईक कमी, देणेकरी जास्त. चहाच्या बदल्यात तो स्मशानातल्या गोष्टी सांगतो. ब्योमकेशच्या मेसशेजारी त्याचं दुकान असतं तर दोघांचं छान जमलं असतं. आपल्या मराठीत नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथा वाचल्या असतील तर हे रसायन तुम्हाला ओळखीचं वाटेल. तिथेही शोध हेराचा आणि शत्रू पलीकडचा!

धारप पुण्याचे. आणि शरदिंदू? ते १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. हॅरिसन रोडच्या या हेराच्या कितीतरी कथा आपल्या पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. त्यातली ‘शैलरहस्य’ मिळाली तर जरूर वाचा. ब्योमकेश कामासाठी पुण्याला येतो आणि तिथून महाबळेश्वरला जातो. जानेवारीतली हाडं गोठवणारी थंडी, गर्दीचा मोसम नाही, हॉटेल जवळपास रिकामं. रात्री त्याच्या खोलीत काहीतरी येतं. आयुष्यभर पुराव्यावर जगलेला हा माणूस कोलकात्याला अजितला पत्र लिहून ते सगळं सांगतो, आणि या वेळी पहिला धागा त्याला कुणा जिवंत माणसाकडून मिळालेला नसतो.

आजीला ही कथा मी फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘‘बघ, आला की नाही बरदाच्या बाजूला!’’ आता जानेवारीत आम्ही दोघी महाबळेश्वरला जाणार आहोत. खोली कोपऱ्यातली नको, असं तिने आत्ताच बजावून ठेवलंय.