जयंतीच्या व्याख्यानात न येणारा खटला

महाड, काळाराम, पुणे करार, राज्यघटना. हा क्रम आमच्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. १९३४ सालचा र. धों. कर्वे यांचा खटला मात्र जयंतीच्या एकाही व्याख्यानात आमच्या कानी आला नाही.

कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत. वाचक पत्रांतून कामजीवनाच्या अडचणी विचारीत आणि कर्वे उत्तरे छापीत. त्यात समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न असत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. मुंबईच्या कोर्टात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. असली विकृत पत्रे छापावीतच कशाला, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की विकृती जायची तर ज्ञानानेच जाईल. समलिंगी संबंधांबाबत हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा आधार घेतला. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

लोक काय म्हणतील, याचा विचार बाबासाहेबांनी केला नसेल? केलाच असेल. तरी वकीलपत्र घेतले.

आमची वडीलधारी मंडळी म्हणतात, हे शिकलेल्या बड्या लोकांचे थेर. पण वस्तीत अशी माणसे पूर्वीपासून आहेत. मिरवणुकीत ती पुढे नाचली, भोजनदानाला रात्रभर राबली. त्यांना टोपणनाव मिळाले आणि पुढे घाईघाईने लग्न. त्या लग्नात आलेल्या मुलीचे काय झाले, हे सांगायला कोणी बसत नाही. कोणी तिसरे शील पुढे करतो. आमच्या मते, मुलाचे मन ठाऊक असून परक्याची लेक फसवून घरात आणणे, यात तिसरे शीलही मोडते आणि चौथेही.

२००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ कलमावर निकाल दिला, तेव्हा बाबासाहेबांचेच संविधानिक नैतिकतेवरील शब्द उद्धृत केले. पुढे तो निकाल फिरला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले.

यंदा विहारातल्या व्याख्यानाला आम्ही कर्व्यांचा खटला हाच विषय सुचवला आहे. कमिटीतले एक काका म्हणाले, "अहो, बायका-पोरे असतात समोर." आम्ही म्हटले, त्यांच्यासाठीच तर विषय ठेवायचा आहे.