एका रात्रीचा पाहुणा

मुलांनो, रानातला एखादा प्राणी कधी तुमच्या हाती लागला आहे का? लागला असेल, तर "हा आता माझा!" हाच विचार तुमच्या मनात आधी आला असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. माझ्याही मनात तोच विचार आला होता. आणि तेव्हा मी काही लहान मुलगा नव्हतो, शिक्षक होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात माझ्या मोठ्या बहिणीचे घर आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. पावसाळा संपला होता. डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागले होते. बहिणीचा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याचे वडील नोकरीसाठी कुवेतला असतात आणि दोन वर्षांतून एकदा घरी येतात. त्यामुळे मी गेलो की भाचा दिवसभर माझ्या मागेमागे असतो.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर आम्ही जेवून उठलो, तोच तो धावत आला. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. झाकणाला त्याने खिळ्याने भोके पाडली होती.

"मामू, बघा मी काय आणलंय!"

मी झाकण थोडेसे बाजूला केले. आत वीत-दीड वीत लांबीचे एक पिल्लू होते. काळपट अंग, त्यावर पिवळसर ठिपके आणि काळ्या मण्यांसारखे चमकणारे डोळे. मला पाहताच त्याने गळा फुगवला, फुसकारा टाकला आणि सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढली. ते घोरपडीचे पिल्लू होते. उर्दूत आपण जिला गोह म्हणतो, तीच ही घोरपड. बागेमागच्या पडक्या गडग्याच्या दगडांत ते त्याला सापडले होते.

घरात गडबड उडाली. शेजारच्या चाची म्हणाल्या, "विषारी असतं ते! चावलं तर माणूस वाचत नाही. आधी मारून टाका." मी त्यांना समजावले. घोरपडीच्या विषाने माणूस मरतो ही समजूत चुकीची आहे. तिचे दात आणि नखे मात्र तीक्ष्ण असतात. चावली तर जखम होते आणि ती चिघळूही शकते. या खोट्या भीतीपायी अशी कितीतरी निरुपद्रवी पिल्ले काठीखाली मरतात.

पिल्लाचा जीव वाचला. पण पुढे काय?

"मामू, मी याला पाळणार," भाचा म्हणाला. "रोज अंडं देईन. मोठा पिंजरा करीन."

खरे सांगू का? मला त्याच वेळी तुम्ही आठवलात. विज्ञानाच्या तासाला आम्ही तुम्हांला सरपटणाऱ्या प्राण्यांची चित्रे दाखवतो. हे जिवंत पिल्लू वर्गात नेले, तर मुले किती खूश होतील! चार दिवस भाच्याकडे राहील, मग मी ते शाळेत घेऊन जाईन, असा बेत मी मनातल्या मनात करून टाकला.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मला स्वस्थ बसू देत नव्हती. आपल्या देशात 'वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२' हा कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाचे नाव आहे आणि घोरपडीचेही आहे. तिला मारणे, पकडणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून दंडही किमान २५,००० रुपये झाला आहे. असा प्राणी कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवावे लागते.

मी हे घरात सांगितले. त्यावर शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो सर, एवढंसं पिल्लू! कोण बघायला येतंय?"

भाच्याचे म्हणणे निराळेच होते. "तानाजी मालुसऱ्यांकडे घोरपड होती ना? मग त्यांनी कशी पाळली?"

प्रश्न हुशारीचा होता. १६७० साली तानाजींनी सिंहगड घेतला. गडाच्या कड्यावर दोर लावण्यासाठी त्यांनी यशवंती नावाची घोरपड सोडली, अशी कथा आपण सारे ऐकतो. मी त्याला म्हणालो, "बेटा, तानाजींचा पराक्रम हा इतिहास आहे. घोरपडीची गोष्ट ही लोककथा आहे. तिच्या नखांची पकड घट्ट असते, म्हणून लोकांना ती कथा खरी वाटते."

तो गप्प झाला. पण त्याचे समाधान झाले नाही. संध्याकाळी त्याने डब्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकले. पिल्लाने त्यांना तोंड लावले नाही. ते एकसारखे पत्र्यावर नखे घासत होते. कर्र कर्र असा तो आवाज मला अंथरुणावर पडल्यावरही ऐकू येत होता.

त्या आवाजाने मला माझ्या लहानपणातली एक गोष्ट आठवली. मी ती कोणालाही सांगितली नव्हती. मी दहा वर्षांचा असताना एक सरडा पकडून काचेच्या बरणीत ठेवला होता. झाकणाला भोके पाडली होती. आत गवत घातले होते, मुंग्या घातल्या होत्या. सरड्याला ऊन आवडते हे मी पाहिले होते. म्हणून शाळेत जाताना मी ती बरणी मुद्दाम खिडकीत, उन्हात ठेवली. परत आलो तेव्हा काच हाताला चटका देत होती. सरडा निपचित पडला होता. मी त्याचा छळ केला नव्हता. मला तो आवडत होता. तरीही तो माझ्याच हातून मेला.

उन्हात सरडा तापला, की तो आपणहून सावलीत सरकतो. बरणीत त्याला सरकायला सावलीच नव्हती, हे मला फार उशिरा समजले.

माझी दादी एक हदीस नेहमी सांगायची. एका बाईने मांजराला कोंडून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगावे म्हणून सोडलेही नाही. मांजर मेले आणि त्या बाईला त्याची शिक्षा झाली. लहानपणी मला वाटे, की त्या बाईची चूक खायला न देण्याची होती. त्या रात्री मला दुसरी चूकही दिसली. ज्याला स्वतःचे अन्न स्वतः शोधता येते, त्याला तिने कोंडले होते.

घोरपडीचेही तसेच आहे. ती दिवसभर हिंडते. किडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे असे नाना प्रकारचे अन्न शोधून खाते. सकाळी उन्हात अंग शेकते, तेव्हा कुठे तिच्या शरीराला वेग येतो. सूर्याचे अतिनील किरण मिळाले नाहीत, तर तिच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि हाडे मऊ पडू लागतात. वीतभर दिसणारे हे पिल्लू मोठेपणी चार-पाच फुटांचे होते. त्याला पुरेल एवढा पिंजरा कोण बांधणार? आणि बांधलाच, तर तो पिंजराच ना!

पहाटे फजरच्या नमाजानंतर मी भाच्याला अंगणात बोलावले आणि त्याला त्या बरणीची गोष्ट सांगितली. काहीही लपवले नाही. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मामूच्या हातून असे काही घडले असेल, असे त्याला वाटलेच नव्हते.

एवढ्यात बहिणीने हाक मारली, "अरे, कोंबड्या सोड!" त्याने खुराड्याचे दार उघडले. कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या आणि कुंपणापलीकडे पसरल्या.

मी विचारले, "दार तर उघडलंस. आता या पळून गेल्या तर?"

"कशाला पळतील? संध्याकाळी येतात की परत. त्यांचं घर आहे हे."

एवढे बोलून तो थांबला. त्याने ओट्यावरच्या डब्याकडे पाहिले. आतून कर्र कर्र आवाज येतच होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मामू, याचं झाकण उघडलं तर हे परत नाही येणार."

मी काही उत्तर दिले नाही. उत्तर त्याला मिळाले होते.

सकाळी मी वनरक्षकांना फोन केला आणि सगळी हकीकत सांगितली. ते मोटारसायकलवरून आले. त्यांनी पिल्लू नीट पाहिले. त्याला कुठे इजा झाली नव्हती. ते म्हणाले, "जिथं सापडलं तिथंच सोडू या. दुसरीकडे सोडलं, तर त्याला ना बीळ माहीत, ना भक्ष्य."

आम्ही तिघे बागेमागे गेलो. गडग्यावर ऊन आले होते. भाच्याने डबा आडवा ठेवला आणि झाकण काढले. पिल्लू क्षणभर हलले नाही. त्याने दोन-तीन वेळा जीभ बाहेर काढून हवेचा वास घेतला. मग सरसर करीत ते दगडांच्या फटीत नाहीसे झाले. त्याने मागे वळून पाहिले नाही. भाच्याचे डोळे भरून आले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या वेळी कायद्याच्या गोष्टी सांगण्यात काही अर्थ नव्हता.

निघताना मी त्याला एक वही दिली. आता तो सुट्टीच्या दिवशी गडग्यापासून दूर, आंब्याखाली शांत बसतो आणि जे दिसेल ते तारीख-वार लिहून ठेवतो. कधी फक्त सरडा दिसतो, कधी मुंगूस. डिसेंबरमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. "मामू, ते गडग्यावर ऊन खात होतं! मी हललोच नाही. खूप वेळ बघितलं." त्याच्या आवाजातला आनंद डबा आणला त्या दिवसापेक्षाही मोठा होता.

माझ्या वर्गात मी ते पिल्लू आणले नाही. भाच्याच्या वहीतली पाने मात्र मुलांना वाचून दाखवली.

मुलांनो, असा एखादा पाहुणा उद्या तुमच्याही हाती लागेल. तेव्हा डब्याचे झाकण लावण्याआधी स्वतःला एवढेच विचारा : हे झाकण उघडले, तर हा माझ्याकडे परत येईल का?