जवळचा रुपया

फंक्शन तीन ओळींचं होतं. त्याच्या डोक्यावर मी लिहिलं होतं, 'रक्कम जवळच्या रुपयात आणतं.' लिहायला दहा सेकंदं लागली असतील.

पायथनमध्ये या मजकुराला डॉकस्ट्रिंग म्हणतात. फंक्शनच्या नावाखाली, तिहेरी अवतरणचिन्हांत. कुणी हेल्प मागितली की पायथन हाच मजकूर वाचून दाखवतो. माझ्या सहकाऱ्याने तो वाचला आणि आतला कोड न उघडता एका पतसंस्थेच्या व्याजाच्या हिशोबात फंक्शन वापरलं. त्याचं काहीच चुकलं नाही. आत डोकवावं लागू नये म्हणूनच तर डॉकस्ट्रिंग असते.

मार्चअखेरीला तिथल्या क्लार्क ताईंचा फोन आला. "सर, कॉम्प्युटर पैसे खातोय."

एका सभासदाचं व्याज 112.50 रुपये, जमा झाले 112. त्याच्या शेजाऱ्याचं 113.50, जमा झाले 114. दोघं पासबुकं घेऊन एकत्रच काउंटरवर आले होते. वरचे पन्नास पैसे कुणाच्या खिशात गेले, असं त्यांनी सगळ्यांसमोर ताईंना विचारलं. ताई अकरा वर्षं त्या खुर्चीवर आहेत. रक्कम किती, हा प्रश्नच नव्हता.

पायथन 3 मधलं राउंड बरोबर अर्ध्यावरचा आकडा सम संख्येकडे नेतं. 112.5 चे 112, 113.5 चे 114. मोठ्या बेरजेत चूक एकाच बाजूला साचू नये, हा त्यामागचा विचार, आणि पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मी शिकलो पायथन 2 वर, तिथे 112.5 चे 113 व्हायचे. पुढचं मी वाचलंच नाही.

कोड दहा मिनिटांत दुरुस्त झाला. डेसिमल मॉड्यूलमध्ये अर्धा वर नेण्याची सोय आहे. डॉकस्ट्रिंगला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. 'जवळचा' म्हणजे कुठला? उलट नोंदीचे उणे 112.50 आले तर उणे 112 की उणे 113? लिहायला बसलो आणि कळलं, माझं मलाच माहीत नाही. (पायथनचा संकेत सांगतो की डॉकस्ट्रिंगची पहिली ओळ आज्ञार्थी हवी. म्हणजे मराठीत फंक्शनला अरे-तुरे करायचं. त्या संध्याकाळी ते सहज जमलं.)

शेवटी ताईंनाच फोन केला. "अर्ध्याचा पूर्ण, सर. आमच्याकडे पहिल्यापासून असंच."

तेच लिहिलं. खाली तीन बाणांपुढे उदाहरणं दिली: 112.50 चे 113, 113.50 चे 114, उणे 112.50 चे उणे 113. 2001 पासून पायथनमध्ये डॉकटेस्ट आहे, ते डॉकस्ट्रिंगमधली अशी उदाहरणं खरोखर चालवून बघतं आणि उत्तर जुळलं नाही तर ओरडतं. आता कुणी आतला कोड बदलला, तर निदान माझं वाक्य गप्प राहून खोटं बोलणार नाही.

ताई म्हणाल्या, "हे मराठीत कागदावर द्याल का?" चार ओळी लिहून पाठवल्या. त्यांनी त्या काउंटरच्या काचेवर चिकटवल्यात, सभासदाच्या बाजूने.