उसवलेली लोकर

विणकामाला सलग वेळ लागत नाही. भरतकामाला चौकट हवी, उजेड हवा, एक बैठक हवी. शिवणयंत्राला जागा लागते, आणि एकदा कापड बेतून कापले की ते तसेच टाकून उठणे जिवावर येते. विणकामाचे तसे नाही. दूध वर येईपर्यंतची चार मिनिटे, शाळेच्या रिक्षाची वाट पाहण्याची दहा मिनिटे, मूल झोपले की नुसतेच डोळे मिटून पडले आहे याचा अंदाज घेण्याचा अर्धा तास, एवढ्या तुकड्यांतही काही ना काही पुढे सरकते. विणणाऱ्या बायका ओळीला ‘सुई’ म्हणतात. ‘एवढी सुई झाली की उठते’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की पळ आणि घटका यांच्या पंक्तीत ‘सुई’ हेही कालमापनाचे एकक म्हणून बसवावे असे वाटते. घरातल्या बाईच्या वाट्याला दिवस कधी अखंड येत नाही; तो चिंध्यांनी येतो. त्या चिंध्यांतून अखंड वस्त्र निघावे अशी जी थोडी कामे आहेत, त्यांतले हे एक.

अर्थात मोजणी मात्र अखंड लागते. आमच्या घरी दोन मुले आहेत. थोरली आठ वर्षांची, धाकटा तीन. अठ्ठ्याऐंशी टाके घालायचे असले की एकसष्ट-बासष्टच्या सुमारास धाकट्याला नेमका प्रश्न पडतो, की मुंग्या कुठे झोपतात. त्याला अंक नुकतेच आवडू लागले आहेत, त्यामुळे मी मोजते आहे हे लक्षात आले की तोही मदतीला येतो आणि ‘पाच, सात, दहा’ असे मोठ्याने म्हणू लागतो. थोरलीने यावर उपाय काढला आहे. झालेल्या सुयांची नोंद ती कालनिर्णयच्या जुन्या पानामागे उभ्या रेघांनी ठेवते, आणि पाचवी रेघ आडवी मारताना तिच्या चेहऱ्यावर सरकारी कारकुनाचे गांभीर्य असते. गुंडा पलंगाखाली पळू नये म्हणून तो पितळी पातेल्यात ठेवण्याची युक्ती मात्र सासूबाईंची. लोकर ओढली की गुंडा पातेल्यात घुमतो, आणि त्या बारीक आवाजाने धाकट्याला झोप येते. अंगाई म्हणून माझ्या गळ्यापेक्षा त्या पातेल्याचा उपयोग अधिक झाला आहे.

या वेळेच्या हिशेबावरून एक वेगळी गोष्ट आठवते. २६ मार्च १९४२ रोजी अलाहाबादला इंदिरा गांधींचा विवाह झाला, तेव्हा त्यांनी नेसलेली फिकट गुलाबी खादीची साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंडित नेहरूंना आमच्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले आणि १९४५ पर्यंत ते तेथे होते. मुलांना घेऊन किल्ला पाहायला गेले की त्यांच्या खोलीपाशी पुस्तकाची आठवण सगळे काढतात. मला त्या साडीचीही आठवण होते. कैद्याजवळ वेळच वेळ असतो आणि माणसे नसतात. लहान मुलांच्या आईजवळ माणसेच माणसे असतात आणि वेळ नसतो. तरी दूर असलेल्या किंवा अगदी पदराला लोंबकळणाऱ्या माणसासाठी दोघांच्या हातांना सुचले ते एकच: धागा.

सासूबाई विणायला शिकल्या त्या मात्र कोणा आपल्या माणसासाठी नव्हे. त्यांचे बालपण भिंगारला गेले. भिंगार म्हणजे छावणी. रणगाड्यांच्या दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला असल्यामुळे लष्करी गाड्या आणि गणवेश हे तिथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. १९६२ च्या हिवाळ्यात चीनशी युद्ध सुरू झाले आणि हिमालयातल्या थंडीत आपल्या जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नाहीत ही बातमी घरोघर पोचली. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशभर बायका आणि शाळकरी मुली जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणू लागल्या. सासूबाई तेव्हा सहावीत होत्या. शिवणाच्या तासाला बाईंनी प्रत्येकीच्या हातात दोन सुया आणि मातकट हिरव्या लोकरीची लडी दिली. नवशिक्या मुलींच्या वाट्याला मफलर आले, कारण मफलरला गळा नसतो आणि बाही नसते. नुसते पुढे जात राहायचे. तो मफलर कोणाच्या गळ्यात पडला, पडला की नाही, हे त्यांना कधीच कळले नाही. ‘पण टाके सारखे आले होते,’ एवढे त्या अजून सांगतात.

सुयांवरचे हे विणकाम आपल्याकडे आले ते गोऱ्या मडमांबरोबर आणि मिशनच्या शाळांबरोबर. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे मुलींच्या शाळा चालवीत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतल्याचे सांगितले जाते. अशा शाळांतून अक्षरांबरोबर सुईदोराही शिकवला जाई. मुलीला शाळेत धाडायला बिचकणाऱ्या बापाला ‘शिवण शिकेल’ हे कारण पटण्याजोगे वाटत असणार. म्हणजे ज्या कलेला आज आपण घरगुती म्हणून बाजूला ठेवतो, तिच्या आडोशाने काही मुली घराबाहेर पडल्या असतील.

लोकर मात्र नगरला परकी नव्हती. हा धनगरांचा जिल्हा आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ मध्ये धनगर घरात जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव आता जिल्ह्याला दिले आहे. पारनेर, संगमनेरच्या माळांवर दख्खनी मेंढ्यांचे कळप अजून दिसतात. त्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. धनगरणी ती कातीत, सनगर ती मागावर विणीत, आणि विणण्याआधी सुताला चिंचोक्यांची खळ देत. त्यातून काळीभोर घोंगडी तयार होई. ऊन, वारा, पाऊस, थंडी या चौघांनाही ती पुरून उरते. पण ही लोकर राठ असते. ती खांद्यावर टाकावी, अंथरावी, देवाच्या तळीला वापरावी. तान्ह्या मुलाच्या गळ्याशी लावता येत नाही. त्यामुळे मेंढ्या दारावरून जायच्या आणि स्वेटरची लोकर पंजाबातून यायची, असा हा व्यवहार. पूर्वी ती औंसावर मिळे. आता दुकानात जिला आपण लोकर म्हणतो तिच्यात बहुतेक वेळा मेंढीचा संबंध नसतो. ती कृत्रिम धाग्याची असते. इकडे दख्खनी लोकरीला भाव उरला नाही म्हणून मेंढपाळ ती कातरून टाकून देऊ लागले. घोंगडी टोचते म्हणून आमच्या पिढीने नाक मुरडले, त्यात तिचा दोष किती आणि आमच्या कातडीचा किती, हा प्रश्न मला पडतो. पण तो येथे पुरे.

लहान मुलासाठी विणताना खरी अडचण मापाची असते. मोठ्या माणसाचे अंग थांबलेले असते. मुलाचे अंग पुढे चाललेले असते. दिवाळीच्या सुमारास माप घ्यावे, तुकड्या-तुकड्यांनी विणत संक्रांत उजाडावी, आणि तोवर मनगट बाहीच्या बाहेर आलेले असावे. म्हणून जुन्या बायका छातीला चार बोटे आणि बाहीला दोन बोटे अधिक धरतात. हे अधिकचे माप म्हणजे अजून न आलेल्या मुलासाठी सोडलेली जागा. बॉर्डर बारा नंबरच्या बारीक सुईवर, अंग दहा नंबरवर. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटे गणित थोरलीला अजून मान्य नाही. नगरला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, पण अकराच्या उन्हात स्वेटर नकोसा होतो. दिवसाचे चार-पाच तास, वर्षाचे जेमतेम अडीच महिने, आणि आयुष्याचे फार तर दोन हिवाळे, एवढाच त्या कपड्याचा भोग. बाजारात तयार स्वेटर विणण्याच्या निम्म्या खर्चात मिळतो. शहाण्या माणसाने विणू नये, असेच हिशेब सांगतो.

गेल्या कार्तिकात सासूबाईंनी ट्रंकेतून एक स्वेटर काढला. गडद निळा, छातीवर पांढरा पट्टा, त्यात वेणीची नक्षी. माझे पती चार वर्षांचे असताना त्यांनी तो विणला होता. लोकर अस्सल मेंढीची. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली तिचा मूळ वास अजून होता. दोन्ही कोपरांना मात्र भोके पडलेली होती आणि गळ्याची बॉर्डर विरली होती.

‘उसव हा. धाकट्याचं काम होईल यात,’ त्या म्हणाल्या.

माझा हात पुढे होईना. घरात त्यांच्या हातच्या वस्तू फार उरलेल्या नाहीत. संधिवाताने बोटे वाकल्यामुळे तीन हिवाळे झाले, त्यांना सुया धरता येत नाहीत. म्हणजे या हाताचे विणकाम आता नव्याने होणार नाही. मी म्हटले, ‘आई, ठेवून देऊ या ना. आठवण म्हणून.’

‘कुणाला आठवण? कसरीला?’

त्यांचे म्हणणे मला लगेच पटले नाही, पण ते कुठून येते हे कळत होते. आपल्याकडे गोधडी याच न्यायाने शिवली जाते. आजीचे लुगडे जीर्ण झाले की ते घडी घालून जपत नाहीत. फाडतात, धुतात, आजोबांच्या धोतराशी त्याची थरावर थर जुळणी करतात, आणि धावदोरा घालून त्याची नातवासाठी गोधडी होते. लुगडे म्हणून ते संपते. त्या गोधडीत आजीचा काठ कुठेतरी दिसतो, तेवढाच. वस्तू कपाटात जपण्याची चैन ज्यांच्याकडे कापड मुबलक आहे त्यांची. आमच्या आज्यांनी माणूस वापरात जपला. तरीही लुगडे आणि स्वेटर यांत एक फरक मला दिसतो, आणि त्यावर सासूबाईंशी माझा अजून वाद आहे. लुगडे मागावर विणलेले असते, कोणा अनोळखी विणकराचे. आजीने ते नुसते नेसलेले असते. स्वेटरचा टाका न् टाका एका माणसाच्या बोटांतून गेलेला असतो. वेदान्तात पट आणि तंतू यांचा दृष्टान्त देतात: पट म्हणजे तंतूंहून निराळे काही नाही. तत्त्वज्ञानात ते खरे असेल. त्या निळ्या पटातून तंतू काढून घेतल्यावर लोकर सगळी उरणार होती. जे जाणार होते ते सासूबाईंचे चौतीस-पस्तीसचे वय होते.

शेवटी उसवायला त्याच बसल्या. विणता येत नसले तरी ओढता येत होते. आधी खांद्याच्या आणि कुशीच्या शिवणी कापल्या. मग गळ्याकडचे टोक शोधले, कारण ज्या टोकाला टाके बंद केलेले असतात तिथूनच विणकाम सुटते. बॉर्डरकडून ओढले तर धागा अडतो. टोक सापडले आणि मग ओळीमागून ओळ सरसर सुटत गेली. जे विणायला त्यांना दोन महिने लागले असतील ते अर्ध्या तासात निम्मे संपले. थोरली खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळत होती. धाकटा टाळ्या पिटत होता. त्याच्या मते ही जादू होती.

पाठीच्या भागात, मधोमध, चार-पाच सुया बाकीच्यांपेक्षा घट्ट विणलेल्या दिसल्या. मी हात आडवा घातला. विणणाऱ्याचे मन ताणात असले की टाका घट्ट येतो, हे मला ठाऊक होते. त्या वेळी काय घडले असेल, कोणाचे आजारपण, कोणाचा बोल, असे माझ्या मनात सुरू झाले. विचारले तर सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिले.

‘कोण जाणे. लाईट गेली असेल,’ असे म्हणून त्यांनी धागा ओढला.

उसवलेली लोकर सरळ नसते. तिला जुन्या टाक्यांचे वळण राहते. ती कुरळी, नागमोडी निघते आणि तशीच विणली तर नवे काम खडबडीत दिसते. म्हणून लड्या चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवल्या, पिळल्या नाहीत, आणि गच्चीतल्या दोरीवर सावलीत टांगून खाली वजन म्हणून लाटणे अडकवले. दोन दिवसांनी वळण बरेचसे गेले. कोपराकडचे तुकडे टाकून देऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली तेव्हा निळी लोकर दीडशे ग्रॅमला थोडी कमी भरली. धाकट्याचा स्वेटर पुढच्या हिवाळ्यालाही यावा असे धरले तर दोन्ही बाह्यांना कमी पडणार होती.

कापड बाजारात त्या निळ्याशी जुळणारा रंग मिळाला नाही. मिळणे शक्यही नव्हते. चाळीस वर्षांचा निळा रंग दुकानात नसतो. धाकट्याने पिवळा निवडला, झेंडूसारखा पिवळा. मला राखाडी हवा होता. सासूबाईंनी त्याची बाजू घेतली. सध्या पाठ झाली आहे आणि पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आला आहे. माझा टाका त्यांच्यापेक्षा सैल, त्यामुळे तेवढ्याच लोकरीत कापड जरा मोठे होते आहे. सासूबाई रोज संध्याकाळी ते मांडीवर पसरून बोटांनी चाचपून पाहतात, एखादी सुई परत काढायला लावतात, आणि थोरलीच्या रेघा तपासतात. काल तिने दोन सुया अधिक मांडल्याचे त्यांनी पकडले. तिला लवकर पिवळ्यावर यायचे होते.