माळ्यावरचा डबा

तुमच्या घरातल्या लग्नाच्या डीव्हीडी कुठे आहेत, आठवते का? कपाटाच्या तळच्या खणात, की माळ्यावरच्या ट्रंकेत? आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर होत्या. मीच ठेवल्या होत्या, नीट राहाव्यात म्हणून! उन्हाळ्यात तिथे हात लावला तर चटका बसतो, हे मात्र ध्यानात आले नाही.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत तो डबा निघाला. आत अकरा तबकड्या. नणंदेचे २००७ सालचे लग्न, मुलाचे बारसे, घरभरणी, गावातला हरिनाम सप्ताह. सासूबाईंची दृष्टी आता अधू झाली आहे. डबा वाजलेला ऐकून त्यांनी विचारले, "काय सापडलं गं?" मी सांगितले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरीच्या पाठवणीला हे काहीतरी बोलले होते बघ. मला आता दिसायचं नाही, पण ऐकू तर येईल."

मामंजी २०१६ साली गेले. त्यांचे फोटो भिंतीवर आहेत, पण आवाज कुठेच नव्हता.

घरचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. नव्या लॅपटॉपलाही तबकडीची खाच नसते. पुण्याहून पुतण्या आला, तो वायरने जोडायचा छोटा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. म्हणजे अशा दोनशेच्या आसपास तबकड्या त्या तळहाताएवढ्या डबीत बसतात.

काम तसे सोपे. तबकडी कडेला धरायची, चकाकत्या बाजूला बोट लावायचे नाही. मऊ कोरड्या फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल पुसायची नाही. मग तिच्यातले फोल्डर अख्खेच्या अख्खे हार्ड डिस्कवर उतरवायचे. चांगल्या तबकडीला पंधरा-वीस मिनिटे लागली. पोळ्या लाटता लाटता तीन झाल्या.

लग्नाची तबकडी मात्र निम्म्यावर अडली. खर्र खर्र आवाज करी आणि थांबे. पुतण्या म्हणाला, "काकू, स्टुडिओवाल्यानं भरून दिलेल्या तबकडीत रंगासारखा एक थर असतो, त्यावर लेसरनं नोंद केलेली असते. ऊन, उष्णता, दमट हवा लागली की तो थर बिघडतो." मला काही बोलवेना. सासूबाई दाराशी बसून होत्या. दर घटकेला विचारीत, "लागलं का?"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा जुना संगणक आणला. एका यंत्राला न वाचता येणारी तबकडी कधी कधी दुसऱ्याला वाचता येते म्हणे. खराब जागा सोडून बाकीचे उतरवून घेणारा प्रोग्रामही लावला. दुपार गेली. जेवणावळीचा काही भाग गेला, वरातीची चित्रे चौकोन चौकोन होऊन फुटली. पण पाठवणी आली.

सासूबाई कान देऊन बसल्या. सनईच्या गलक्यातून मामंजींचा आवाज आला, "रडू नको पोरी. पंचमीला न्यायला मी स्वतः येतो."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग हसल्या. "आणि गेले होते हो! भर पावसात, एस.टी.नं."

अकरांपैकी नऊ वाचल्या. दोन उघडल्याच नाहीत, त्यांत मुलाच्या बारशाचीही होती. त्यात आजेसासूबाईंनी पाळणा म्हटला होता. तो गेला. लवकर हात लावला असता तर कदाचित मिळाला असता, ही रुखरुख आता मला राहणारच.

म्हणून सांगते, वाचकहो, घरच्या तबकड्या या सुट्टीतच बाहेर काढा. शहरातले पोर घरी आले की हे काम त्याच्या गळ्यात घाला. आधी ज्यात गेलेल्या माणसाचा आवाज आहे ती घ्या. प्रत्येक फोल्डरला साल आणि प्रसंगाचे नाव द्या. त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. आमच्या सासूबाईंनी नुसत्या आवाजावरून माणसे ओळखली. आम्ही ती वहीत उतरवून घेतली. त्या नसत्या तर निम्मी माणसे आम्हांला अनोळखीच राहिली असती.

आणि हार्ड डिस्क एकच ठेवू नका. तीही पडते, बंद पडते. शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. आम्ही दोन केल्या. एक आमच्याकडे, कपाटात, पत्र्यापासून लांब. दुसरी नणंदेच्या घरी. वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहायच्या असे ठरले आहे.

दिवस कोणता, ते सासूबाईंनीच सांगितले. नागपंचमी.