पाचर

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात मुलाकडे राहावयास गेलो की माझा दिवस बहुधा वाचनातच जातो. गेल्या खेपेस मात्र नातीने एक गिटार माझ्यापुढे आणून ठेवली. "आजोबा, एक तार लावली की बाकीच्या बिघडतात." ती तिच्या वडिलांची जुनी गिटार होती. सोळाव्या वर्षी त्याने ती घरी आणली, तेव्हा मी तिला 'उसनी करमणूक' म्हटले होते. त्यानंतर माझ्यादेखत त्याने ती कधी वाजवली नाही.

तिची घोडी तरंगती होती. १९५४ साली लिओ फेंडर ह्यांच्या स्ट्रॅटोकास्टरबरोबर आलेल्या रचनेचीच ती एक प्रत. ह्या घोडीला एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून पाठीमागच्या खाचेतील स्प्रिंगा; हा तोल साधला तरच सूर टिकतो. एक तार चढवली की घोडी झुकते आणि इतर तारा उतरतात. एक तुटली तर उरलेल्या चढतात. दांडी दाबून स्वर हेलकावता यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. फेंडरांनी त्याला 'ट्रेमोलो' म्हटले. वास्तविक ट्रेमोलो हा नादाच्या तीव्रतेतील कंप. स्वराच्या उंचीतील कंपाला 'व्हायब्रेटो' म्हणतात. आयुष्यभर इतरांच्या संज्ञा तपासत आलेल्या मला ही चूक सापडल्याचा आनंद झाला. पण त्याने गिटार सुरात येणार नव्हती.

एरिक क्लॅप्टन ह्यांनी आपल्या गिटारीतील ही हालचाल लाकडाचा तुकडा घालून बंद केली होती. आम्हीही तेच केले. तारा सैल केल्या, पाठीवरचे झाकण काढले, स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळून घोडी लाकडाला टेकवली. मग घोडीखालचा धातूचा ठोकळा आणि खाचेची मानेपासून दूरची भिंत ह्यांतील अंतर मोजले आणि मोडक्या पाटाच्या सागवानी तुकड्याची पाचर घासूनपुसून तेथे घट्ट बसवली. सरस लावला नाही. तारा पुन्हा सुरात लावल्या. ह्या वेळी त्या टिकल्या.

पाचर मारणे हे आपल्या भाषेत चांगल्या माणसाचे लक्षण नव्हे. मी ती एकदा घरातच मारली होती.

रात्री मुलगा आला. नातीने सहाही तारा छेडून दाखवल्या. झाकण अजून उघडेच होते. त्याने गिटार उलटी करून पाचरीवरून बोट फिरवले.

"काढता येईल ना, बाबा?"

"येईल. सरस लावलेला नाही."

त्याने गिटार मांडीवर घेतली. मी हातातले पुस्तक मिटले.